झाकिर हुसेन आणि शाळेतला भाजीचा वाफा

ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. नव्या शिक्षणाचा आराखडा करायला तिने समिती नेमली, अध्यक्ष जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. आपल्याकडे ते फक्त राष्ट्रपती म्हणून आठवतात. समितीने सुचवलेल्या मूलोद्योगांत सूतकताईबरोबर फळे-भाजीपाला लागवडही होती. मुस्लिम लीगने योजनेला विरोध केला. वाद टकळी आणि धर्मशिक्षणाभोवती फिरला, भाजीचा वाफा बाजूलाच पडला. मला तोच मोलाचा वाटतो. सेवाग्रामच्या शाळेत मुले भाजी पिकवत, स्वयंपाकाला हात लावत आणि तीच पानात घेत. हाताने लावलेली मेथी मूल सहसा टाकत नाही. २०१९ साली केंद्राने शाळांतल्या परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आमच्या मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेला अंगण नाही, हे खरे. गच्ची मात्र आहे, रिकामी. खाली फाटकाशी मधल्या सुट्टीत वेफर्सची पाकिटे फुटतात.