खापरांवरची नक्षी का विरळ झाली?

पुणे जिल्ह्यात भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत मुसळधार पाऊस पडतो. पूर्वेकडचा शिरूर तालुका मात्र अवर्षणाचा. तेथे घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले.

इ.स.पू. १४०० च्या सुमारास येथे जोर्वे पद्धतीची भांडी आली. (जोर्वे हे संगमनेरजवळचे गाव.) चाकावर घडवलेली, तांबडी, टिचकी मारली तर खणखणीत वाजणारी, वर काळ्या रंगात तिरप्या रेघा, जाळी, चौकटी. भट्टीत भरपूर हवा मिळाली की मातीतील लोहाचे फेरिक ऑक्साइड होते, म्हणून हा तांबडा रंग. नक्षी भाजण्यापूर्वीच काढलेली असल्याने ती आजही पाण्याने जात नाही.

इ.स.पू. १००० नंतर भांडी जाडीभरडी होतात, नक्षी विरळ होते. याच थरांत चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या दिसतात, शिकारीवरची भिस्त वाढलेली दिसते. तेव्हा हा बदल केवळ आवडीनिवडीचा मानता येत नाही. उत्खननातील एक प्रमुख संशोधक डॉ. म. के. ढवळीकर यांनी त्याचा संबंध घटत्या पावसाशी जोडला. इ.स.पू. ७०० च्या सुमारास गाव ओस पडले.