वाहतें पाणी आणि पिण्याचें पाणी



परभणी जिल्ह्यांतील चुडावा हें पूर्णा व नांदेड यांच्या दरम्यानचें लहानसें रेल्वे स्थानक. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. कारभाराची भाषा उर्दू. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतहि शिक्षणाचें माध्यम उर्दूच, आणि इंग्रजी हा आवश्यक विषय. घरीं मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला तेथें इंग्रजी व्याकरणाकडे जावयाचें तें उर्दूच्या दारानें. त्या वाटेवरील एक अवघड जागा म्हणजे ‘जेरंड’, आपलें धातुसाधित नाम.

‘इंग’ या एकाच प्रत्ययानें इंग्रजींत दोन भिन्न शब्द होतात. ‘रनिंग वॉटर’ म्हणजे वाहतें पाणी. पण ‘ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे पितें पाणी नव्हे, पिण्याचें पाणी. आगगाडीबरोबर आलेली ‘वेटिंग रूम’ स्वतः कोणाची वाट पाहत नाहीं. ती वाट पाहण्याची खोली. ‘वाहतें’ हें विशेषण, ‘पिणें’ हें नाम. मराठीनें हा भेद रूपांत जपला आहे. प्राचीन इंग्रजींतहि तो होता. नामाला ‘उंग’ किंवा ‘इंग’ आणि विशेषणाला ‘एंडे’ असे निराळे प्रत्यय लागत. मध्ययुगांत दोन्ही रूपें एक झालीं.

आरंभीं हें नाम निव्वळ नाम होतें. पुढें त्यानें क्रियापदाचा धर्म उचलला व स्वतःचें कर्म सरळ घेऊं लागलें. ‘द रीडिंग ऑफ अ बुक’ म्हणजे पुस्तकाचें वाचन. ‘रीडिंग अ बुक’ म्हणजे पुस्तक वाचणें. लिंडले मरे यानें १७९५ च्या आपल्या व्याकरणांत नियमच घातला, कीं आधीं ‘द’ असेल तर मागून ‘ऑफ’ हवें. एक गाळलें तर दुसरेंहि गाळावें.

आतां ‘रोज मोठ्यानें पुस्तक वाचणें हितकर आहे’ हें वाक्य घ्या. ‘वाचणें’ या शब्दाला आंतून कर्म आहे, क्रियाविशेषणें आहेत. पण बाहेरून तो सबंध शब्दसमूह एका नामाप्रमाणें कर्त्याच्या जागीं बसला आहे. ‘वाचण्यानें’, ‘वाचण्यापूर्वीं’ अशा विभक्ति व अव्ययेंहि तो घेतो. जेरंडाच्या शब्दसमूहाचें सारें रहस्य एवढेंच. उर्दूंतील ‘किताब पढ़ना’ हा मसदरहि याच जातीचा.

दादोबा पांडुरंगांनीं १८३६ सालींच मराठीचें व्याकरण छापून स्वभाषेकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहण्याची वाट घालून दिली होती. परभाषेचा नियम घोकण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें आपल्याच भाषेंत ‘पितें’ कीं ‘पिण्याचें’ एवढें विचारावें. ज्या कुलुपाची किल्ली घरांतच आहे, त्यासाठीं दारोदार फिरावयास लावणें हें शिक्षण नव्हे.