आशयाधारित शिफारस

आशयाधारित शिफारस : वाचकाला, श्रोत्याला किंवा ग्राहकाला पूर्वी आवडलेल्या वस्तूंचे गुणविशेष पाहून त्यांच्याशी मिळत्याजुळत्या वस्तू सुचविण्याची संगणकीय पद्धत. इतरांनी काय निवडले याच्या नोंदी तिला लागत नाहीत; सहयोगी पद्धतीहून तिचे वेगळेपण ते हेच.

कार्यपद्धती : प्रत्येक वस्तूपुढे गुणविशेषांची यादी मांडतात. गुण असल्यास १, नसल्यास ० लिहिले की त्या वस्तूचा सदिश तयार होतो. दोन सदिशांमधील कोनाचे कोसाइन हे त्या वस्तूंमधील साम्याचे माप होय. ते काढण्यासाठी सामाईक गुणांच्या संख्येला दोन्ही याद्यांतील गुणसंख्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागतात.

समजा, भुसावळच्या एका वाचकाला ‘बहिणाबाईंची गाणी’ (१९५२) आवडली. या संग्रहाचे गुण काव्य, निसर्ग, शेती, खानदेश असे चार धरले. बालकवींच्या कवितेपुढे काव्य आणि निसर्ग एवढेच नोंदले, तर साम्य ०.७१ येते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’पुढे (१९६३) कादंबरी, महाविद्यालयीन जीवन, पुणे, खानदेश असे नोंदले, तर ते ०.२५ भरते. अर्थात बालकवी आधी सुचविले जातील. बालकवींचा जन्म धरणगावचा आणि मृत्यू १९१८ मध्ये जळगाव-भुसावळ मार्गावरील भादली स्थानकात रेल्वेखाली सापडून झालेला. ही माहिती लक्षात घेऊन त्यांच्या यादीत ‘खानदेश’ हा गुण वाढविला, की साम्य ०.८७ वर जाते. कवितेतला एक शब्दही न बदलता हा फरक पडतो. शिफारशीचा दर्जा गुणांची नोंद करणाऱ्याच्या जाणकारीवर ठरतो तो असा.

मजकुरावरून गुणनिश्चिती : यादी हाताने न करता मजकुरातील शब्दांवरूनही गुण काढता येतात. ‘आणि’, ‘आहे’ यांसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या शब्दांना कमी व मोजक्याच ग्रंथांत येणाऱ्या शब्दांना अधिक भार देतात. या भारांकनाची कल्पना कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. मराठीत ‘भुसावळला’, ‘भुसावळच्या’, ‘भुसावळहून’ ही रूपे संगणक वेगवेगळी मोजतो. म्हणून आधी प्रत्यय काढून मूळ शब्द वेगळा करावा लागतो. बहिणाबाईंच्या लेवा बोलीतील रूपे प्रमाण मराठीहून निराळी असल्याने तेथे हे काम अधिक अवघड होते.

गुणदोष : अद्याप कोणीही न वाचलेले नवे पुस्तकही या पद्धतीने सुचविता येते आणि ते का सुचविले हेही सांगता येते. मात्र वाचक एकाच प्रकारच्या वस्तूंत अडकून पडतो. नव्या वाचकाची आवड माहीत नसेल, तर सुरुवातच होत नाही. अमेरिकेतील पँडोरा या संगीतसेवेने संगीतज्ञांकडून प्रत्येक गाण्याचे शेकडो गुण नोंदवून घेतले. एवढ्या बारकाईच्या नोंदींना वेळ आणि खर्च बराच लागतो. त्यामुळे मोठ्या सेवा बहुधा आशयाधारित व सहयोगी पद्धतींची सांगड घालणारी मिश्र पद्धत वापरतात.