जरा लाइनवर राहा...

घरातल्या किंवा ऑफिसातल्या जुन्या टेबल-फोनवर एक बटण असतं. त्यावर 'फ्लॅश' लिहिलेलं असतं, नाहीतर नुसतं 'आर'. आयुष्यभर फोन वापरलेल्या माणसांनीही बऱ्याचदा ते कधी दाबलेलं नसतं. दाबलं की काय होतं? लाइन सेकंदाच्या एका छोट्याशा भागापुरती तुटते आणि पुन्हा जुळते. बस्स, एवढंच. पण एक्स्चेंजला ती खूण कळते. आलेला फोन दुसऱ्याकडे द्यायचा असेल तर आधी ही खूण करायची, मग त्या दुसऱ्याचा नंबर फिरवायचा.

आता प्रश्न असा, की ही खूण आपण करतो कुणाला? आज उत्तर आहे यंत्राला. पण खूण मुळात यंत्रासाठी नव्हतीच. ती एका माणसासाठी होती, खरं म्हणजे एका बाईसाठी. त्या बाईची ही गोष्ट.

ग्रॅहम बेलला 1876 मध्ये टेलिफोनचं पेटंट मिळालं, तेव्हा फोन जोडीने चालत. इथे एक, तिथे एक, मधे तार. पण गावात 21 जणांकडे फोन असले आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलायचं असलं तर? हिशेब करून बघा, 210 तारा लागतात! पन्नास जण झाले की सव्वाबाराशे. गाव तारांच्या जाळ्याखाली झाकून जायचं. म्हणून सगळ्यांच्या तारा एका खोलीत आणायच्या आणि तिथे बसलेल्या माणसाने हव्या त्या दोन जोडायच्या, अशी युक्ती निघाली. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावात 28 जानेवारी 1878 ला जॉर्ज कॉय याने असं पहिलं व्यापारी एक्स्चेंज सुरू केलं. गिऱ्हाईकं बरोबर 21. गाडीचे बोल्ट आणि मिळेल ती तार वापरून त्याने तो बोर्ड बनवला होता.

सुरुवातीला बोर्डावर बसायला तारऑफिसातली पोरं आणली. ती पोरं म्हणजे एक प्रकरणच होतं... गिऱ्हाइकांशी उद्धट बोलायची, शिव्या द्यायची, आपसात दंगा करायची. शेवटी 1 सप्टेंबर 1878 ला बॉस्टनमध्ये एमा नट नावाच्या बाई ऑपरेटर म्हणून रुजू झाल्या. जगातली पहिली महिला टेलिफोन ऑपरेटर. त्याच दिवशी काही तासांनी त्यांची बहीण स्टेलासुद्धा. पुढे काही वर्षांत हे काम जवळजवळ पूर्णपणे बायकांचं झालं. त्यात कौतुक होतं तसा हिशेबही होता, कारण बायकांना पगार कमी दिला तरी चालत असे.

ही बाई नेमकं करायची काय? तिच्यासमोर भोकांचा बोर्ड, प्रत्येक भोक म्हणजे एक घर. हाताशी दोऱ्यांच्या जोड्या, टोकाला पितळी प्लग. फोन आला की एक प्लग बोलावणाऱ्याच्या भोकात घालून 'नंबर?' विचारायचं, आणि दुसरा प्लग हव्या त्या घरात. पुढे 1890 च्या दशकात बोर्डावर छोटे दिवे आले. दोघं बोलत असले की त्या जोडीचे दिवे बंद. कुणी रिसीव्हर खाली ठेवला की त्याचा दिवा लागायचा, म्हणजे संभाषण संपलं, प्लग काढा. आणि मधेच बाईशी बोलायचं असलं तर? रिसीव्हर ज्या खटक्यावर टांगतात तो हलकेच वरखाली करायचा. दिवा लुकलुकायचा. बाई लगेच लाइनवर यायची. फोन दुसरीकडे द्यायचाय? ती प्लग काढून दुसऱ्या भोकात घालायची.

'फ्लॅश' म्हणजे त्या दिव्याचं लुकलुकणं. 'आर' म्हणजे रिकॉल, बाईला परत बोलावणं. बाई गेली, दिवा गेला, बटण मात्र राहिलं!

आपल्याकडे कोलकात्याचं एक्स्चेंज 28 जानेवारी 1882 ला उघडलं. (न्यू हेवनचीच तारीख, बरोबर चार वर्षांनी.) सुरुवातीला 93 गिऱ्हाईकं होती. मुंबईतही त्याच वर्षी एक्स्चेंज आलं. लांबच्या फोनसाठी ट्रंक कॉल बुक करून ताटकळत बसायचं, हे मात्र आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांनी स्वतः अनुभवलंय. ऑर्डिनरी, अर्जंट आणि खिशाला परवडत असेल तर लाइटनिंग. एसटीडीची पहिली लाइन कानपूर-लखनौ अशी 1960 मध्ये सुरू झाली, पण गावोगावी ती पोचायला पुढे कितीतरी वर्षं लागली.

माझी एक मावशी 70 च्या दशकात मुंबईत ट्रंक बोर्डावर होती. तिचा एक नियम होता. कुणाला थांबवून ठेवलं असेल तर थोड्या थोड्या वेळाने लाइनवर जाऊन त्याला सांगायचं, "ट्राय करतेय हं, लाइनवर राहा." नागपूर लागत नसेल तर लागत नाही म्हणून सांगायचं, पण माणसाला मुक्या तारेवर सोडून द्यायचं नाही. लाइटनिंग कॉल करणाऱ्याच्या घरी बहुधा काहीतरी वाईट घडलेलं असतं, असं ती म्हणायची. त्याला निदान आवाज तरी ऐकू यायला हवा.

आणि बोर्डावर न बसणाऱ्या ऑपरेटर तर आपल्या चाळींमधून आणि सोसायट्यांमधून होत्याच की! लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर 'पी.पी.' लिहून शेजाऱ्यांचा नंबर छापलेला असायचा. शेजारच्या काकू फोन घ्यायच्या, रिसीव्हर विणलेल्या रुमालावर आडवा ठेवायच्या आणि गॅलरीतून हाक मारायच्या. होल्ड, ट्रान्स्फर, सगळं आलं त्यात. निरोपही तंतोतंत पोचायचा. अर्थात काकूंना आपल्या घरातलं सगळं कळायचं, हेही तितकंच खरं.

ही दुसरी बाजू विसरून चालणार नाही. कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रोजर नावाचा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारा गृहस्थ होता. सांगतात असं, की त्याच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरला आलेले फोन ती नवऱ्याकडे वळवायची. गोष्ट किती खरी ते बाजूला ठेवू, पण त्याने चिडून जे केलं ते नोंदलेलं आहे. ऑपरेटरच नको, गिऱ्हाइकानेच नंबर लावायचा, असं यंत्र त्याने शोधलं. 1891 मध्ये पेटंट मिळालं आणि 1892 च्या नोव्हेंबरात इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट इथे पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं. हिंदुस्थानात असं पहिलं एक्स्चेंज सिमल्याला 1913-14 मध्ये आलं.

स्ट्रोजरचं यंत्र पक्षपात करत नव्हतं, चोरून ऐकत नव्हतं. मोठीच गोष्ट. पण त्याला एक गोष्ट येत नव्हती. एकदा जोडलं की जोडलं. 'अहो, हा फोन जरा पाटीलसाहेबांना द्या' हे त्याला सांगायची सोयच नव्हती, कारण ऐकायला मधे कुणी उरलंच नव्हतं. म्हणून रस्त्यावरच्या एक्स्चेंजातून बाई गेली तरी कंपन्यांच्या, हॉस्पिटलांच्या, हॉटेलांच्या बोर्डावर ती कितीतरी दशकं टिकली. फोन या हातातून त्या हातात द्यायला माणूसच लागत होता.

माणूस असल्याने काय होतं याचं टोकाचं उदाहरण न्यू मेक्सिकोतल्या फॉल्सम गावचं. ऑगस्ट 1908 मध्ये रात्री तिथे पूर आला. सॅली रूक ही तिथली ऑपरेटर. पुराची बातमी कळल्यावर ती पळाली नाही. बोर्डावर बसून एकेका घराला फोन लावत राहिली, पळा म्हणून सांगत राहिली. कितीतरी लोक वाचले. ती मात्र वाहून गेली. स्ट्रोजरला भीती होती ती मधल्या माणसाच्या वाईट वागण्याची. पण मधला माणूस काढला की वाईटाबरोबर हेही जातं.

यंत्राला फोन 'धरून ठेवायला' शिकवलं ते कॉम्प्युटरने. अमेरिकेत 1963 मध्ये ऑफिसांसाठीचं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आलं आणि 1965 मध्ये न्यू जर्सीत सक्कासुना इथे मोठं सार्वजनिक. यात एर्ना हूवर या बेल लॅब्जमधल्या गणितज्ञ बाईंचं नाव घ्यायलाच हवं. एकदम फोनांचा भडिमार झाला तर यंत्राने कोसळून न पडता कोणतं काम आधी करायचं, याची युक्ती त्यांनी काढली. पहिले आराखडे त्यांनी काढले ते बाळंतपणासाठी हॉस्पिटलमध्ये असताना. 1971 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. आपल्याकडे 1984 मध्ये सी-डॉट स्थापन झाली आणि तिचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज 1986 मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं.

यंत्राला स्मृती आली आणि मग सगळंच शक्य झालं. शेजारच्या टेबलावर वाजणारा फोन आपल्या जागेवरून उचला. आलेला फोन एका आकड्यावर 'पार्क' करून ठेवा, वरच्या मजल्यावर जा, तोच आकडा दाबून तिथून तो परत घ्या. मावशीला हे फार आवडलं असतं.

पण ट्रान्स्फर दोन तऱ्हेचा असतो. एकात आपण आधी दुसऱ्याला फोन लावतो, 'अमुक बाई आहेत, त्यांचं असं असं काम आहे' म्हणून सांगतो, तो हो म्हणाला की मग फोन देतो. दुसऱ्यात नुसता ढकलून देतो आणि मोकळे होतो. याला धंद्यातली माणसं 'ब्लाइंड ट्रान्स्फर' म्हणतात, आंधळा! गंमत म्हणजे चांगल्या एक्स्चेंजमध्ये यावरही उपाय केलेला असतो. ढकललेला फोन पलीकडे कुणी उचलला नाही, तर थोड्या वेळाने तो ढकलणाऱ्याकडेच परत येऊन वाजतो. तुम्ही सोडलेलं काम अजून पडून आहे, हे यंत्र तुम्हाला सांगतं. ही सोय ज्याने कुणी घातली त्याला ते लुकलुकणारे दिवे नक्की माहीत असणार.

होल्डवरचं संगीतही असंच. आल्फ्रेड लेव्ही या कारखानदाराच्या इमारतीच्या लोखंडी तुळईला एक सुटी तार टेकली आणि शेजारच्या रेडिओ स्टेशनची गाणी फोनवर ऐकू येऊ लागली. त्यातून त्याला कल्पना सुचली, 1966 मध्ये पेटंट मिळालं. लाइन जिवंत आहे, तुम्हाला विसरलो नाही, एवढंच त्या संगीताने सांगायचं होतं. आज वीस मिनिटं तीच धून ऐकल्यावर आपल्याला नेमकं उलटं वाटतं, नाही का?

मला जुन्या दिवसांचे गोडवे गायचे नाहीत. आठ आठ तास कानाला हेडफोन लावून बसलेल्या बायकांनी ते गायले नसते. पण दीडशे वर्षांत आपण फोन दुसऱ्याकडे द्यायच्या शंभर तऱ्हा शोधल्या, आणि बोर्डावरच्या बाईला पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट अजून अवघडच आहे. पलीकडच्याने घेतलाय याची खात्री होईपर्यंत फोन आपलाच असतो.