एकशे दहाव्या मजल्याखालचा रेडिओ बाजार

माझ्या पत्नीचे आजोळ सौंसरचे. लग्नानंतर पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मामेसासऱ्यांच्या बैठकीत देवघराशेजारी लावलेला एक फोटो पाहिला. धोतर, स्वेटर, डोक्यावर कानटोपी असा पोशाख केलेले मामा कठड्याला धरून उभे आहेत आणि त्यांच्या मागे फक्त आकाश आहे. नीट पाहिल्यावर खाली दूरवर पाण्याची रेघ आणि तिच्यावर काडेपेटीएवढी जहाजे दिसतात. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्याच्या गच्चीवर १९९६ साली काढलेला हा फोटो. मामांचा मुलगा तेव्हा संगणकाच्या नोकरीनिमित्त न्यू जर्सीत होता आणि त्याने आईवडिलांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतले होते.

आम्हा गोव्यातल्या लोकांना उंचावरून पाहणे म्हणजे आग्वादचे १८६४ सालचे जुने दीपगृह, नाहीतर आल्तिनोवरून दिसणारी मांडवी. त्यामुळे सौंसरसारख्या गावातला माणूस ११० मजल्यांच्या माथ्यावर जाऊन आला याचे मला फार कौतुक वाटले. मामा मात्र त्याबद्दल थोडकेच बोलत. "लिफ्टमध्ये कान दडपले, वर वारा लय होता," एवढेच. त्यांच्या बोलण्याचा खरा विषय रेडिओ. सौंसरच्या बाजारात १९७१ पासून त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते.

या मुलुखात रेडिओचे महत्त्व बाहेरच्या माणसाला पटकन कळणार नाही. सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके मराठी बोलणारे. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर, आणि ते सौंसरहून दोन-तीन तासांच्या वाटेवर. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हे दोन्ही तालुके मध्य प्रदेशात राहिले. राजधानी झाली भोपाळ. शाळा, कचेरी, सातबारा सगळे हळूहळू हिंदीत गेले. पण १९४८ साली सुरू झालेले नागपूरचे आकाशवाणी केंद्र राज्याची सीमा मानत नव्हते. मराठी बातम्या, शेतीचे कार्यक्रम, कीर्तन, भावगीते संध्याकाळी घरोघर ऐकू येत. रेडिओ बिघडला की माणसे सायकलच्या कॅरिअरला पिशवीत बांधून तो मामांकडे आणत. पोळ्याच्या आधी दुकानात पाय ठेवायला जागा नसे, असे मामी सांगतात.

आता मनोऱ्याकडे वळू. तो कुठे आणि का उभा राहिला ही हकीकत मी अलीकडे वाचली, आणि वाचताना मला सारखे मामांचे दुकान आठवत होते.

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, कोर्टलँड स्ट्रीट आणि तिच्या आसपासच्या गल्ल्यांत, 'रेडिओ रो' नावाचा बाजार होता. १९२१ साली हॅरी श्नेक यांनी तिथे 'सिटी रेडिओ' हे दुकान उघडले आणि बघता बघता शेजारी तशीच दुकाने लागली. व्हॉल्व्ह, कंडेन्सर, कॉइल, स्पीकर, हेडफोन. दुकानाच्या दारात कर्णा लावून गाणी चालू ठेवायची पद्धत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे उरलेसुरले विद्युत सामान तिथे ढिगाने विकायला आले. फुटपाथवर मांडलेल्या खोक्यांत हात घालून हौशी माणसे नेमका आपल्याला हवा तो सुटा भाग शोधून काढत. लॅमिंग्टन रोड पाहिलेल्यांना अधिक सांगायला नको.

याच सुमारास मोठ्या लोकांच्या मनात दुसरे विचार होते. कंपन्यांच्या कचेऱ्या मॅनहॅटनच्या मध्यभागाकडे चालल्या होत्या, तेव्हा दक्षिण टोकाला ऊर्जितावस्था आणण्यासाठी एक प्रचंड व्यापार केंद्र उभारावे ही कल्पना बँकर डेव्हिड रॉकफेलर यांनी पुढे रेटली. बांधायचे काम घेतले पोर्ट ऑथॉरिटीने, म्हणजे न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या दोन राज्यांच्या संयुक्त बंदर प्राधिकरणाने. तिचे प्रमुख ऑस्टिन टोबिन. पहिला आराखडा पूर्वेकडच्या ईस्ट नदीकाठचा होता. रेडिओ बाजाराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण प्राधिकरण दोन राज्यांचे, त्यामुळे न्यू जर्सीची संमती हवी, आणि न्यू जर्सीने विचारले की यात आमचा फायदा काय? त्या राज्यातून हडसन नदीखालच्या बोगद्यातून मॅनहॅटनला येणारी एक रेल्वे दिवाळ्यात निघाली होती. ती प्राधिकरणाने चालवायला घ्यावी आणि केंद्र तिच्या स्टेशनाच्या जागी, पश्चिमेला, बांधावे असा सौदा १९६२ साली ठरला. ते स्टेशन रेडिओ बाजाराला लागून होते. नकाशावर एक बोट पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकले आणि तीनशेच्या वर दुकाने त्याखाली आली.

दुकानदार गप्प बसले नाहीत. ऑस्कर नाडेल या रेडिओ विक्रेत्याने त्यांना एकत्र आणले. त्यांनी मोर्चे काढले, 'छोटा व्यापारी' मेला म्हणून खोटे प्रेत शवपेटीत घालून मिरवले. न्यायालयात त्यांचा मुद्दा साधा होता: सरकारला जागा घेता येते ती रस्ता, पूल, बंदर यांसारख्या सार्वजनिक कामासाठी; भाड्याने द्यायच्या कचेऱ्या हे सार्वजनिक काम कसे? १९६३ च्या सुरुवातीला एका न्यायालयात त्यांची सरशीही झाली. पण राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्याच वर्षी निकाल फिरवला, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढे हस्तक्षेप केला नाही.

इथे मला थोडे स्वतःचे सांगायला हवे. काही वर्षे माझ्या टेबलावर भूसंपादनाच्या फायली होत्या. १८९४ चा कायदा तेव्हा चालू होता, आणि प्रत्येक अधिसूचनेत 'सार्वजनिक प्रयोजन' हे दोन शब्द असत. मी ते शेकडो वेळा टाइप केले असतील. मजकूर ठरलेला, फक्त सर्व्हे नंबर बदलायचा. त्या दोन शब्दांवरून कोणी माणसे शवपेटी घेऊन रस्त्यावर आली असतील असा विचार मनात आला नाही. कारकुनाला तो येऊन चालतही नाही म्हणा. जमिनीच्या मालकाला मोबदला मिळे. भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्याचे नाव त्या कागदांवर क्वचितच दिसे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात उपजीविका गमावणाऱ्यांचाही विचार झाला. रेडिओ बाजारातले बरेच दुकानदार भाडेकरूच होते. दुकान दहा फुटांचे असो की पन्नास फुटांचे, त्यांना हलण्यासाठी देऊ केलेली रक्कम होती तीन हजार डॉलर.

मार्च १९६५ मध्ये पाडापाडी सुरू झाली. ऑगस्ट १९६६ मध्ये पायाची खोदाई लागली, आणि उपसलेली माती हडसनच्या पात्रात टाकून नवी जमीन तयार केली गेली. वास्तुविशारद मिनोरू यामासाकी. त्यांना स्वतःला उंचीची भीती वाटे, म्हणून त्यांनी खिडक्या जेमतेम दीड फूट रुंदीच्या ठेवल्या, असे सांगतात. लिफ्टची युक्ती मात्र खरोखर हुशारीची. प्रत्येक लिफ्ट तळापासून माथ्यापर्यंत नेली असती तर खालचे मजले लिफ्टच्या विहिरींनीच भरून गेले असते. म्हणून ४४ व्या आणि ७८ व्या मजल्यावर जंक्शन केली: मोठ्या जलद लिफ्टने तिथवर जायचे आणि पुढे छोटी लिफ्ट धरायची. एक्स्प्रेसने इटारसीला उतरून पॅसेंजर पकडावी तसे. ४ एप्रिल १९७३ रोजी केंद्राचे रीतसर उद्घाटन झाले. उत्तर मनोरा १३६८ फूट, दक्षिण १३६२ फूट. वर्षभरात शिकागोच्या सिअर्स टॉवरने उंचीचा मानही घेतला.

दक्षिण मनोऱ्याच्या १०७ व्या मजल्यावरचा काचबंद सज्जा डिसेंबर १९७५ मध्ये लोकांसाठी उघडला. तिथून सरकत्या जिन्याने उघड्या गच्चीवर जाता येई. वारा फार असला तर ती बंद ठेवत. हवा स्वच्छ असेल तर ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटरपर्यंत दिसे. सौंसरच्या माळवदावर उभे राहून नागपूरच्याही पलीकडे पाहावे तसे. मामा आपल्या मुलाबरोबर न्यू जर्सीहून त्याच बोगद्यातल्या रेल्वेने आले, मनोऱ्याच्या पोटातल्या स्टेशनवर उतरले आणि तसेच वर गेले.

११ सप्टेंबर २००१ रोजी आपल्याकडे संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. मामांच्या टेबलावर एका गिऱ्हाइकाचा टीव्ही मागचे झाकण काढून ठेवलेला होता आणि चित्र आले का पाहायला त्यांनी तो चालू केला. आले ते धुराचे चित्र. आपल्या दुरुस्तीत काही चुकले असे त्यांना आधी वाटले. दक्षिण मनोऱ्यावर दुसरे विमान आदळले, आणि आधी कोसळला तोच. गच्ची साडेनऊला उघडायची होती, त्यामुळे त्या सकाळी तिथे पर्यटक नव्हते. न्यूयॉर्कमध्ये त्या दिवशी २७५३ माणसे गेली. मामांचा मुलगा तेव्हा कॅलिफोर्नियात होता, पण फोन लागेपर्यंत रात्र उलटली. शेजारी येऊन फोटो पाहून जात होते, असे मामी म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा सौंसरला गेलो. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले, त्यामुळे कचेरीची कामे आता छिंदवाड्याऐवजी पांढुर्ण्याला. मामा ऐंशीच्या पुढचे. दुकान कधीच बंद झाले आहे. फोटोखाली बसून मी त्यांना रेडिओ बाजाराची सगळी गोष्ट सांगितली. सांगावी की नाही, असे मनात आले होते.

ते ऐकत राहिले. मग पहिला प्रश्न केला, "जावईबापू, कितीक पैसे देल्ले त्याइले?"

मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली, पण मोबदला कमी की जास्त हे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "माह्याजवळ एक जुना मर्फी होता. त्याचा व्हॉल्व्ह नागपुरात भेटे ना, मुंबईतबी भेटे ना. म्हणून तिथं वर गच्चीवर मी पोराले म्हटलं, एवढं मोठं शहर आहे, रेडिओचं सामान कोणत्या गल्लीत भेटते ते दाखव. तो म्हणे, बाबा, इथं तसं काही नाही."

मग त्यांनी मामींना चहा ठेवायला सांगितले आणि मर्फी कुठल्या कपाटात आहे ते शोधू लागले.