इकोकार्डिओग्राफी, झडपविकारांतील

श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या प्रतिध्वनींवरून हृदयाच्या झडपांची रचना व हृदयाचे कार्य तपासण्याची पद्धत. रूढ नाव ‘टू-डी इको’. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर व हेल्मुट हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये ती प्रथम वापरली. आरंभीचा मुख्य उपयोग द्विदल झडपेच्या आकुंचनाचे निदान हा होता (पहा : संधिज्वर). डॉप्लर तंत्राने (पहा : डॉप्लर परिणाम) रक्तप्रवाहाचा वेग मोजतात. मी./से. मधील वेगाच्या वर्गाची चौपट म्हणजे झडपेच्या दोन्ही बाजूंमधील दाबांतर, मिमी. पाऱ्यात. महारोहिणी झडपेतील कमाल वेग ४ मी./से. वा अधिक (दाबांतर ६४ मिमी.) असल्यास आकुंचन तीव्र समजतात. द्विदल झडपेच्या गळतीत रक्त अलिंदात सहज परतत असल्याने डाव्या जवनिकेचा उत्क्षेपणांश (तिच्यातील रक्तापैकी दर ठोक्यास बाहेर टाकला जाणारा अंश) फसवा चांगला दिसतो; म्हणून मूळ झडपदोषामुळे होणाऱ्या तीव्र गळतीत तो ६०% वा कमी झाल्यास लक्षणे नसतानाही शस्त्रक्रिया सुचवितात.