शटर, गुंडाळते : निगा व सफाई

दुकान, गाळा, गोदाम किंवा गॅरेज यांच्या दर्शनी तोंडावर बसवलेले, वर गुंडाळले जाणारे धातूचे दार. जुन्या पेठांतील दुकाने उंबऱ्याच्या खाचेत एकामागून एक सरकवायच्या लाकडी फळ्यांनी बंद होत. त्या फळ्यांना फारशी निगा लागत नसे, शटरला मात्र ती लागते, कारण त्याचे बहुतेक फिरते भाग नजरेआड असतात.

रचना : एकमेकींत अडकवलेल्या पट्ट्यांचा पडदा दोन्ही बाजूंच्या पन्हळींतून, म्हणजे गाइडमधून, वरखाली सरकतो आणि माथ्यावरील दांड्याभोवती गुंडाळला जातो. धातूच्या शटरसाठी आयएस 6248 हे भारतीय मानक आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरपत्रकात 80 मिमी रुंद व 1.25 मिमी जाड पट्ट्यांच्या शटरची नोंद असून, 10 चौ. मी. पेक्षा मोठ्या शटरला साखळी व हँडलची जोड स्वतंत्रपणे धरली आहे. याहून लहान शटर हातानेच उघडतात.

स्प्रिंग : निगेचा खरा विषय हाच होय. शटर पूर्ण खाली असताना लोंबणाऱ्या पडद्याचे वजन सर्वाधिक असते आणि त्याच वेळी दांड्यावरील स्प्रिंगांना सर्वाधिक पीळ बसलेला असतो. पडदा वर जाऊ लागला की वजन आणि पीळ दोन्ही बरोबरीने उतरतात, म्हणून मोठे लोखंडी दार एका माणसाला उचलते. अर्ध्यावर सोडलेले शटर जागीच थांबले तर हा तोल ठीक आहे असे समजावे. ते खाली घसरू लागले तर स्प्रिंग सैल पडली आहे, आणि एक बाजू पुढे जाऊन ते तिरके चढत असेल तर एखादी स्प्रिंग तुटली आहे किंवा पट्ट्या आडव्या सरकल्या आहेत. पिळलेली स्प्रिंग सुटल्यास हात मोडण्याइतका झटका बसतो. त्यामुळे ताण वाढवण्याचे काम शटरच्या मिस्त्रीकडेच द्यावे.

सफाई : पट्ट्यांच्या सांध्यांतील धूळ कोरड्या ब्रशने काढून पडदा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावा व कोरडा करावा. ॲसिडने जस्ताचा मुलामा व रंग दोन्ही जातात. गाइडमध्ये ग्रीस भरावे की नाही याविषयी कारागिरांत एकमत नाही. रस्त्यालगतच्या दुकानात ग्रीसला धूळ चिकटून काळा लगदा होतो, हे मात्र कोणीही पाहू शकतो, आणि तो लगदा आधी रॉकेलच्या फडक्याने न काढता वर नवे ग्रीस चोपडल्याने शटर अधिकच जड होते. तेल किंवा ग्रीस बेअरिंगला व कुलपाच्या दांड्यांना अवश्य द्यावे. वरच्या कव्हरात पाखरांची घरटी असतात. ती पाहून मगच शटर चढवावे.

गंज व पूर : गंज बहुधा तळपट्टीपासून चढतो, कारण उंबऱ्यावरचे पाणी तिच्या खाचेत साचते, किनारपट्टीवर खाऱ्या हवेने तो लवकर येतो. गंजाचा भाग घासून रेड ऑक्साइडचा हात व त्यावर ऑइलपेंट, हा नेहमीचा उपाय होय. पुराने मात्र नेहमीची निगा पुरत नाही : सांगलीत 2019 साली व चिपळूणच्या बाजारपेठेत जुलै 2021 मध्ये झाले त्याप्रमाणे पाणी दुकानात शिरल्यावर गाळ गाइडमध्ये व सांध्यांत बसतो, आणि तो वाळला की पट्ट्या एकमेकींत वळेनाशा होतात. म्हणून पाणी ओसरताच, गाळ ओला असतानाच, गाइड वरून खाली पाण्याच्या धारेने धुवावेत. जाम शटर पहारीने उचकटू नये, त्याने पट्ट्यांच्या कडा वाकतात आणि वाकलेली पट्टी बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

रंगकाम : हे बहुधा दसरा-दिवाळीच्या आधी होते, पावसाळ्यापूर्वी झाले तर शटर अधिक टिकते.

विजेवर चालणारे शटर : मुख्य स्विच बंद करूनच हात लावावा.